दुसऱ्या रांगेतली जागा

“उर्हो, कोरसच्या आमच्या रांगेत एक आवाज जास्तीचा आहे,” सिर्का म्हणाली. वेलचीचा पाव तिने बशीत तसाच ठेवला होता. “आज तिसरी तालीम. विलाप सुरू झाला की येतो तो, आणि अंक संपेपर्यंत जात नाही.”

उर्हो लेहमुस कॉफी ढवळत राहिला. पंचेचाळीस वर्षं ऑपेरा लिहिणारा आणि स्वतःच वादकांसमोर छडी हातात घेऊन तो उभा करणारा माणूस. वादकाचा एक सूर हलला तरी चिडायचा. आज चिडला नाही.

“किल्ल्याचं अंगण आहे. घुमतं,” तो म्हणाला.

“भिंतींना शब्द पाठ असतात होय?”

दुसऱ्या रांगेत सिर्काच्या डावीकडची जागा रिकामी होती. कोरसमधलं कुणी गेलं की त्याची जागा एक हंगाम कुणाला द्यायची नाही, अशी या कोरसची रीत. ती जागा आइलीची होती. आइली म्हणजे उर्होची बायको. मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आधी गेली. नवऱ्याच्या सहाही ऑपेरांत ती त्याच जागी उभी राहून गायली. एकटीने गायच्या दोन ओळी त्याने तिला कधी दिल्या नाहीत. तिने मागितल्या की म्हणायचा, “तू घाई करतेस, आइली.” चारचौघांतही म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची. सिर्काला मात्र ते कधी हसण्यावारी नेता आलं नाही.

या सातव्या ऑपेरातला विलाप त्याने ओक्सेन्या आजीकडून उतरवून घेतला होता. आजी मूळची सीमेपलीकडच्या कारेलिया प्रांतातली. लढाईत गाव सुटलं तेव्हा गाई हाकत इकडे आली. तिच्या गावात मेलेल्या माणसासाठी बायका विलाप गात. पहिल्या कडव्यांनी त्याला जागं करायचं, राहून गेलेलं बोलून घ्यायचं आणि शेवटच्या चार कडव्यांनी परत निजवायचं. ती शेवटची चार उर्होने गाळली. तिसरा अंक लांबतो, म्हणाला. कधीकाळी तीन सुरांच्या काटछाटीवरून याच माणसाने एका नाटकगृहाशी सहा वर्षं अबोला धरला होता. त्याने चार कडवी मुकाट्याने गाळली, तेव्हाच कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं.

शेवटच्या तालमीला आजी डोक्याला रुमाल बांधून आली. विलाप संपला तशी ती उठली आणि काठी टेकत थेट त्याच्या चौथऱ्यापाशी गेली.

“पोरा, कुणाला उठवलंस?”

“कुणाला नाही, आजी. नाटक आहे ते.”

“मग ती तिथे ताटकळत का उभी आहे?” आजीने दुसऱ्या रांगेकडे हनुवटीने खूण केली. “निजव तिला. थंडी वाजतेय तिला.”

वादक वह्या मिटायचे थांबले. उर्होने छडी खाली ठेवली.

“चार महिने एका कपाची कॉफी करतोय, आजी. इथे निदान ती ऐकू येते.”

“तुला ऐकू येते. तिला विसावा नाही, त्याचं काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या वह्यांत चार नवी पानं होती. मुख्य गायिकेने कुरकुर करत दुपारपर्यंत ती पाठ केली.

पहिला प्रयोग. किल्ल्याचं अंगण भरलं होतं. विलाप सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीला तो जास्तीचा आवाज आला. कोरसच्या बायकांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. शेवटची चार कडवी आली. गायिकेने श्वास घेतला, तोच उर्होने तिला डाव्या हाताचा तळवा दाखवला. थांब. वाद्यंही थांबली. मग तो वळला, दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे त्याने बघितलं आणि छडीने इशारा दिला.

कुणी गायलं नाही. छडी मात्र चालत राहिली, हळू, आणखी हळू. हजार माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. सिर्काच्या डाव्या खांद्याशी आधी ऊब होती, मग ती थोडीथोडी कमी होत गेली. छडी खाली आली तेव्हा उर्होचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

प्रयोगानंतर ओक्सेन्या आजी किल्ल्याच्या पुलावर त्याची वाट बघत उभी होती.

“गेली ती,” उर्हो म्हणाला. “तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं तर. निजवणं चार मिनिटांचंच होतं ना तुझ्या वहीत?”

“चारच.”

“नऊ मिनिटं गायली,” आजी म्हणाली. “अजिबात घाई केली नाही तिने.”