कॅशियरची सही

डोरीनने टेबलावर पांढरा रुमाल पसरून त्यावर नोट ठेवली आणि एप्रनला हात पुसले.

"घ्या! सासूबाईंच्या बायबलात सापडली तेव्हा नुसती कळकट होती. तुम्ही चार तास गाडी हाकत येणार, तुमच्यापुढे तशी कशी ठेवू? कोमट साबणाच्या पाण्यात घातली, ब्रशने घासली, वरून इस्त्री. आमच्या ह्यांच्या कॉलरीसुद्धा कधी इतक्या उजळल्या नाहीत."

व्हर्जिलने भिंग काढलं. वीतभर लांबीची दहा डॉलरची जुनी नोट. मधोमध ठसठशीत नाव: फर्स्ट नॅशनल बँक, ब्रॅकेट स्प्रिंग्ज, नेब्रास्का. छोट्या गावांच्या बँकांनी काढलेल्या अशा नोटा तो पन्नास वर्षं जमवत होता. त्याच्या स्वतःच्या गावची एकही हाती लागली नव्हती.

भिंग उजवीकडे गेलं. बँकेच्या अध्यक्षांच्या सहीचा जांभळा रबरी शिक्का शाबूत होता. मग डावीकडे सरकलं. तिथे कॅशियर शाईने सही करायची.

तिथे कोरा, गुळगुळीत कागद होता.

कॅशियर त्याची आई होती. तो तीन आठवड्यांचा असताना ती गेली. तिच्या हातचं एक अक्षर त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"बिघडलं का हो काही?"

"छे, छे. फार स्वच्छ केलीत."

"मग! पुरुषांना मळ दिसतोच कुठे." डोरीनने रुबार्बच्या आंबटगोड 'पाय'चा मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि मान झुकवून प्रार्थनेचे दोन शब्द म्हटले. व्हर्जिलने डोळे मिटले नाहीत.

"या कोपऱ्यात काही लिहिलेलं होतं का?" त्याने विचारलं.

"होतं ना. कुणीतरी गिरबटून ठेवलं होतं. भारी चिवट! तीनदा घासलं तेव्हा गेलं."

त्याने काटा खाली ठेवला. मग त्याने खिशातलं पेन पुढे केलं.

"कसं होतं, काढून दाखवता?"

"अगंबाई, तुमचं आपलं काहीतरीच!" तरी तिने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं. "बारीक होतं. उजवीकडे कललेलं. आणि शेवटी हे असं..." पेन खाली उतरलं, मागे वळलं आणि सगळ्या रेघोट्यांखालून लांब ओढ घेत गेलं. "अशी शेपटी. घाई नव्हती बघा लिहिणाऱ्याला."

"अजून एकदा काढाल?" व्हर्जिल म्हणाला.