आवाजाची फ्लॉपी

"दादा, आता तुझा आवाज बंद करतेय हं," ती म्हणाली खरी, पण बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. आजारानं त्याचं सगळं अंग नेलं होतं. उरले होते डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटाखालची कळ दाबून तो पडद्यावर एकेक अक्षर निवडायचा आणि जुना कॉम्प्युटर ते सपाट, कोरड्या आवाजात बोलून दाखवायचा. हात चालत होते तेव्हा त्यानंच हे सगळं जुळवून ठेवलं होतं. आयुष्यभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त केलेला माणूस तो. धाकट्या बहिणीला मात्र अजूनही धांदरट म्हणायचा, तेही त्याच कोरड्या आवाजात.

आता त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. एकदा बंद केली की पुन्हा फिरेलच असं नाही, हे दादानंच सांगितलं होतं. नवी डिस्क आणून बहिणीच्या कॉम्प्युटरमधून तिच्यावर सगळं उतरवूनही घेतलं होतं. पण कॉम्प्युटरच्या आतला जुना मुख्य बोर्ड एवढ्या मोठ्या डिस्कला ओळखच देईना. बोर्डाच्या चिपमध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा मूळ प्रोग्राम, भरलं तरच तो तिला ओळखणार होता. दुसरा कॉम्प्युटर घ्यावा, तर आवाजाचं कार्ड फक्त याच्यातच बसत होतं. आणि खरी गोची पुढेच होती. हे काम येणारा घरात एकच माणूस, आणि ते त्याचंच तोंड बंद करून करायचं होतं.

म्हणून दादानं तिच्याकडून सगळं आधीच घोकून घेतलं होतं. फर्मवेअर फ्लॉपीवरून भरायचं. ती नुसती फॉरमॅट करायची नाही, कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू होईल अशी करायची. मग तिच्यावर दोन फाइली टाकायच्या, एक फर्मवेअर आणि एक ते भरणारा प्रोग्राम. बोर्डाचा नंबर त्याला तोंडपाठ होता, तोही त्यानं सांगितला. "चुकीचं भरलंस तर बोर्ड मेला," एवढं बोलून वर तिला हसवायला म्हणाला होता, "आणि मग तुला धांदरट कोण म्हणणार?" तिला हसू आलं नव्हतं. आतल्या खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरवर तिनं फ्लॉपी करून आणली होती.

खुणा ठरल्या होत्या. वर पाहिलं की हो, खिडकीकडे पाहिलं की नाही.

तिनं बटण दाबलं. पंखा थांबला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. तिनं फ्लॉपी आत सारली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. जुनी डिस्क नुसती टकटक करत राहिली, फिरली नाही. म्हणजे आता मागे फिरायची वाटच बंद झाली. फ्लॉपी मात्र करकरत सुरू झाली. तिनं पाठ केलेली आज्ञा एकेक अक्षर तपासून टाइप केली.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ही फाइल या बोर्डाशी पूर्णपणे जुळत नाही. तरीही पुढे जायचं? हो की नाही?

तिचं धाबं दणाणलं. हा प्रश्न दादानं सांगितलेल्यात नव्हता. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. मग पडदा त्याच्याकडे वळवला.

"दादा, काय करू? हो की नाही?"

दादानं पडद्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले.

"दादा! अरे, असं नको ना करू. बघ इकडे."

त्यानं डोळे उघडले नाहीत. लहानपणापासून त्याची हीच खोड. गणित अडलं की उत्तर माहीत असूनही गप्प बसायचा, तुझं तू सोडव म्हणायचा. पण आत्ता? तिला रडूच कोसळणार होतं. हो म्हणून चुकलं तर काहीच हातात उरणार नव्हतं. नाही म्हणून चुकलं तर निदान पुन्हा विचारता येणार होतं. तिनं नाहीची कळ दाबली.

मग कॉम्प्युटर बंद करून तिनं त्याचं झाकण काढलं आणि बॅटरी धरून आत पाहिलं. बोर्डावरची धूळ ओल्या बोटानं पुसली. नंबर दादानं सांगितलेलाच होता, फक्त शेवटी एक बारीकसं इंग्रजी अक्षर जास्त होतं. आतल्या खोलीत जाऊन तिनं शोधलं, तर त्या अक्षराच्या बोर्डासाठी फाइलच वेगळी होती. तिनं फ्लॉपी पुन्हा पहिल्यापासून केली.

या वेळी प्रश्न आला नाही. फर्मवेअर भरलं जात असताना ती पडद्यासमोर श्वास रोखून उभी होती. वीज जाऊ नये, वायरीला पाय लागू नये, आपल्याला शिंकही येऊ नये, एवढंच मनात. शेवटी काम झाल्याची ओळ आली. तिनं नवी डिस्क जोडली, कॉम्प्युटर चालू केला. बोर्डानं या वेळी डिस्क ओळखली.

तिनं दादाचं बोट कळेवर ठेवलं. सगळी भीती आता रागाच्या रूपानं बाहेर पडली.

"जुळत नाही, हे तुला कळलं होतं ना? मग नुसतं खिडकीकडे बघायला काय झालं होतं? ही काय परीक्षा घ्यायची वेळ होती?"

बोट हललं. अक्षरामागून अक्षर आलं. मग तो सपाट, कोरडा आवाज खोलीत पुन्हा उमटला.

"परीक्षा नाही. घाबरलो होतो. मी हो म्हणणार होतो."