येडाईची आण

सरपंचकीच्या प्रचारात विश्वंभररावांनी येडाई देवीचा भंडारा उचलून आण घेतली होती, "त्या बळवंताची पायरी चढलो, तर येडाई माझा पाय मोडंल!"

बळवंता निवडून आला, ते पडले. गुलालाच्या मिरवणुकीतच विश्वंभररावांकडच्या युवराजनं बळवंताकडच्या आपल्याच सख्ख्या चुलत्याचं, धोंडीबाचं, डोकं फोडलं. धोंडीबानं त्याचा हात मोडला.

आठव्या दिवशी विश्वंभरराव बळवंताच्या घरी जाऊन पेढा भरवून आले. कळंबच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर चुलत्या-पुतण्यानं त्याचा फोटो मोबाइलवर पाहिला.

"आता कुणाच्या बाजूनं रं?" धोंडीबानं विचारलं.

"येडाईच्या, तात्या."

"मग मोडंल ती त्याचा पाय. दम धर."

युवराजनं धड हातानं सलाईनचा स्टँड उचलला.


"एवढ्याशा कामाला येडाईला कशाला तरास?"