दोन हंडे

धर्मराज सरांचा जीव मेटाकुटीला आला होता. भोकरदनकडच्या त्यांच्या वाडीवरच्या शाळेला हापसा मिळावा म्हणून त्यांनी बारा पानांचा अर्ज तयार केला होता. वर वीस फोटो, तक्ते, ठराव. पुण्याच्या संस्थेला तो पाच वाजायच्या आत मेलने पोचायला हवा होता. मोबाईल वायरीनं लॅपटॉपला जोडून सर दुपारपासून शाळेच्या ओट्यावर बसलेले. मेल अर्ध्यावर जायचा आणि नेट तुटायचं. पावणेपाच झाले.

खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई शेजारीच राखेनं पातेलं घासत होत्या. त्यांना अक्षर म्हणून येत नव्हतं.

"सर, एवढं काय लिवलंय त्यात?"

"पाण्याचे हाल, मावशी. बारा पानं झाली, म्हणून तर जात नाही."

"मंग थोडंच लिवा की. म्या रोज हिरीवरून दोन हंडे आणते. एक खिचडीला लागतो, एक पोरं पितात. हात धुवायला थेंब उरत न्हाई. बास."

सरांनी बारा पानं वरपासून खालपर्यंत चाळली. हे त्यात कुठंच नव्हतं. त्यांनी तेवढंच टाइप केलं आणि बटण दाबलं. मेल एका दमात गेला.

आठवड्यानं उत्तर आलं. हापसा मंजूर. खाली एकच प्रश्न होता, 'हा अर्ज कुणी लिहिला?'

सरांनी मान वर केली. अर्ज लिहिणारी बाई फाटकातून आत येत होती. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर.