उखळाचा ठेका

"हे गाणं तुमचं नाहीच, मिस. हा ठेका तर रेडिओवरच्या झेव्हॉनचा आहे."

पाचवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरून उभी राहून टशीका म्हणाली. मागे कुणीतरी पाहुणीला हिणवत दातांतून 'च्यक्' केलं. मग अख्ख्या वर्गानं केलं.

इनेझ बकनर फळ्यापुढे उभी होती. वय अडुसष्ट, डोक्याला पिवळा फडका, पायांत चर्चला जाताना घालायचे बूट. पंचेचाळीस वर्षं ती रेगे गात आली होती. आज मोरंट बे गावच्या या शाळेत तिला मुलांना गाणं शिकवायला बोलावलं होतं, आणि ठेका धरून जेमतेम दोन ओळी म्हणून होतात तोच ती चोर ठरली होती.

एकही बाक वाजला नव्हता. हे तिला चोरीच्या आरोपापेक्षा जास्त लागलं. या गावात नुसत्या टाळ्या मंत्र्याला मिळतात. गाणं आवडलं तर लोक पत्रा, पातेलं, बाक, हाताशी येईल ते बडवतात.

वर्गशिक्षिका मिस पिनॉक ओशाळली. "टशीका! पाहुण्यांशी असं बोलतात? मिस इनेझ, तुमच्या पिशवीत या गाण्याची ती जुनी तबकडी आहे ना? काढा बाहेर. साल छापलंय तिच्यावर. तेव्हा झेव्हॉनच्या आईचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते!"

इनेझचा हात पिशवीकडे गेला. तबकडी आत होती. अशाच एखाद्या वेळेसाठी तर ती आणली होती. मग तिनं हात काढून घेतला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "साल बघून कुणी नाचत नाही. ए तिखट मिरची, तुला झेव्हॉनचं गाणं येतं?"

"पूर्ण येतं."

"मग म्हण. बघू तुझा झेव्हॉन."

टशीकाला तेवढंच हवं होतं. तिनं हनुवटी वर केली आणि सुरू केलं. गाण्यात मोटरसायकल होती, मोटरसायकलवर पोरगी होती आणि पोरीचा भाऊ मागं लागला होता. इनेझनं शिक्षिकेच्या टेबलावर मूठ टेकली आणि ठेका धरला. दोन जड ठोके, मग जरा रिकामी जागा, मग एक ठोका. मग त्याच ठेक्यावर, टशीकाच्या आवाजाखालून, ती स्वतःचं गाणं गाऊ लागली. तिच्या गाण्यात नळावरची रांग होती, रिकामी बादली होती, आणि रांगेतल्या बाया आपली खबर एकमेकींना सांगत होत्या.

वरच्या सुराला इनेझचा आवाज जरा खरखरला. तिनं तो तसाच खरखरू दिला.

दोन गाणी एकमेकांना कुठंच अडली नाहीत. मोटरसायकल रांगेजवळून निघून गेली, बादली भरत राहिली.

मागचा एक बाक वाजला. मग त्याच्या पुढचा. मग चाळीस पोरं तळव्यांनी बाकं बडवू लागली, आणि टशीका त्या आवाजाच्या वर ओरडत पुढं गात सुटली.

इनेझनं हात वर करून हवेत उलटा फिरवला. "थांब, थांब. बाक वाजले की पुढं पळायचं नसतं, बयो. मागं यायचं. पहिल्यापासून. बाक वाजवून लोकांनी ते पुन्हा मागितलेलं असतं."

टशीका धापा टाकत होती. तिच्या कपाळावर आठी आली.

"म्हणजे झेव्हॉननं तुमचा ठेका चोरला?"

मिस पिनॉकनं पुन्हा पिशवीकडे पाहिलं.

"माझा कुठला?" इनेझ म्हणाली. "आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा वेंडल. त्याची आई अंगणात उखळात कोको कुटायची. धप्प, धप्प. मग कपाळाचा घाम पुसायची. मग धप्प. ही मधली रिकामी जागा आहे ना, ती त्या बाईच्या घामाची. ती कधीही गाळायची नाही. गाळलीस की ठेका पांगळा झाला." तिनं टेबलावर पुन्हा दोन ठोके दिले, थांबली, मग एक दिला. "या उखळावर माझं मी गायले. झेव्हॉननं त्याचं गायलं, बरं गायलं. तुझं कुठाय?"

"माझं काही नाहीये, मिस."

"आज सकाळी काय झालं घरी?"

"काही नाही. बस गेली."

"आणि?"

"आणि आईनं चप्पल फेकून मारली."

वर्ग खदखदून हसला. इनेझ हसली नाही. तिनं ठेका धरून ठेवला होता.

"चांगली आहे की चप्पल. म्हण."

टशीकानं खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. पहिला ठेका तिनं तसाच जाऊ दिला, दुसराही. तिसऱ्याला हळूच तोंड उघडलं.

"बस गेली डोंगरावर,
चप्पल आली अंगावर..."

मधली जागा तिनं बरोब्बर रिकामी ठेवली. त्या जागेत नकळत तिचा हात कपाळाकडे गेला.

पोरं एकमेकांकडे बघत होती. झेव्हॉनचं नाही, मिसचंही नाही, मग या गाण्यावर वाजवायचं की नाही, ते कुणालाच कळेना.

इनेझनं ठेका सोडला आणि उघड्या तळव्यानं टेबल बडवलं, इतक्या जोरात की खडूचा डबा खाली पडला.

टशीका दचकली. मग तिनं ओळ अर्ध्यावर सोडली, हवेत हात उलटा फिरवला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.