गिअरची मूठ

आकाराम तिसऱ्यांदा गिअरची मूठ परत घेऊन आला, तेव्हा प्रथमेशने ती हातात घेतलीच नाही. काउंटरवरच राहू दिली.

मलकापुरात हायवेच्या कडेला प्रथमेशचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हरं, हॉर्न, पायाखालच्या मॅट, आणि काचेच्या कपाटात गिअरच्या मुठी. गाडीची मूळची मूठ झिजून गुळगुळीत झाली म्हणून आकारामने आधी काळी, गोल मूठ नेली होती. मग स्टीलची नेली. ही तिसरी लाकडी होती, पॉलिश केलेली. आता हिच्यात काय खोट निघाली, असं प्रथमेशने विचारलं. निसटते, एवढंच आकाराम म्हणाला.

"आबा, तुमीच हातात धरून, दाबून बघून नेली. तवा तर झ्याक हाय म्हणालात."

ते खरं होतं. दुकानात प्रत्येक मूठ हातात बसायची आणि गाडीत गेलं की बसायची नाही. कारण दुकानात आकाराम उजव्या हाताने बघायचा. डाव्या हातावर टॉवेल असायचा. दिवाळीनंतर त्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं होतं.

बाहेर गाडीत त्याची बायको राहीबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसली होती. दर सोमवारी तिला मिरजेच्या कॅन्सरच्या दवाखान्यात सलाईन लावायला न्यावं लागे. येताना एसटीत तिला उलटी आवरत नसे, म्हणून ही गाडी. मुंबईचा पोरगा फोनवर सांगत होता, गाडी विका, तुमच्याच्यानं आता व्हायचं नाही. फौजेत सोळा वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला तो हे सांगत होता. पण मागच्या सोमवारी उसाच्या ट्रॅक्टरमागे, चढाला, दुसरा गिअर ओढताना हात निसटला. गाडी मागे सरकली. मागच्या ट्रकवाल्याने घातलेली शिवी राहीबाईनेही ऐकली.

आज पुन्हा सोमवार होता. अकराला तिचा नंबर होता.

प्रथमेशने आणखी चार मुठी मांडल्या. एक निळी चमकणारी होती, एक क्रिकेटच्या चेंडूसारखी. आकाराम एकेक उजव्या हातात धरी आणि खाली ठेवी. जरा ओढायला गावंल अशी नाही का, असं त्याने विचारलं.

"ओढायला? आबा, गिअर हाय का बैल?"

हॉर्न बघत उभा असलेला एक माणूस हसला. म्हाताऱ्या माणसाने आता बिनगिअरची गाडी घ्यावी, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला. आकारामचं डोकं फिरलं. माल धड ठेवायचा नाही आणि वर गिऱ्हाईकाला शहाणपण शिकवायचं, दुकान आहे का चावडी, असं तो बोलत सुटला. प्रथमेशही मग गप्प बसला नाही. दोनदा बदलून दिली, आता तिसऱ्यांदा देणार नाही, म्हणाला.

आवाज ऐकून राहीबाई गाडीतून उतरली. दाराला धरत, एकेक पायरी चढत आत आली. तू गाडीत बस जा, आकाराम म्हणाला. ती गेली नाही. काउंटरवरच्या मुठी तिने बघितल्या, नवऱ्याचा उजवा हात बघितला, आणि त्याच्या टॉवेलकडे बघितलं.

"आवं, कासार तरी हात बघितल्याबिगर बांगडी काढतो का?"

तिने टॉवेल बाजूला केला. मनगट धरून त्याचा डावा हात उचलला आणि काचेवर ठेवला.

"ह्या हाताची मूठ दे, बाबा."

हॉर्न बघणारा माणूस दुसरीकडे बघायला लागला. प्रथमेशने हात बघितला. अरेरे म्हणाला नाही. काउंटरवरची एकेक मूठ त्याने त्या हातात दिली आणि आपल्या बाजूने ओढून बघितली. एकेक करून सगळ्या सुटून आल्या. मग तो खाली वाकला. कॉलेजच्या पोरांसाठी आणलेल्या मालाचं खोकं त्याने बाहेर काढलं आणि त्यातली एक मूठ काचेवर ठेवली.

ती कवटी होती. पांढरी, दात काढलेली.

आकारामने हात मागे घेतला. दवाखान्याला निघालेल्या बाईपुढे हे काढून ठेवतो, तुला काही कळतं का, असं तो म्हणाला. प्रथमेशने त्याचा हात पुन्हा पुढे घेतला, अंगठा कवटीच्या एका डोळ्यात घातला, बोट दुसऱ्या डोळ्यात, आणि ओढलं. सुटली नाही. जोर लावून ओढलं. आकाराम अख्खा काउंटरवर ओणवा झाला, पण कवटी हातातून सुटली नाही.

पाच मिनिटांत प्रथमेशने ती गाडीला बसवून दिली.

आकाराम आत बसला. क्लच दाबून त्याने दुसरा गिअर ओढला. पडला. पुन्हा ओढला, पुन्हा पडला. मग त्याने कवटीचं तोंड पलीकडे फिरवून बघितलं, पण तशी बोटं बसेनात. ती परत सरळ करावी लागली. राहीबाईच्या गुडघ्याशेजारी ती दोघांकडे दात काढून उभी राहिली. चावी फिरवायची सोडून आकाराम कवटीकडे बघत बसला.

राहीबाईने पदर नीट केला आणि पट्टा लावला.

"तिच्याकडं काय बघताय?" ती म्हणाली. "रस्त्याकडं बघा."