कडेची खूण

“तुम्ही अशा इकडे या. कडेला,” फोटोवाल्या काकूंनी नव्या बायकोला बोटाने जागा दाखवली. ती निमूटपणे शेवटच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

काकूंच्या स्टुडिओत जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या. कोणी कुठल्या खुणेवर उभं राहायचं, हे काकू ठरवत. गिऱ्हाइकाने मध्ये बोलायची सोय नव्हती. बारीक चौकड्यांचा शर्ट घालून आलेल्याला त्या सरळ घरी पिटाळत. “फोटोत मुंग्या आल्यासारखा दिसेल. साधा घालून या.” कोणी पायांतले नवे बूट दिसावेत म्हणून हट्ट धरला, तर म्हणत, “बुटांचा वेगळा काढून देते, तुम्ही नका येऊ त्यात.” लोक कुरकुरत, पण पुन्हा त्यांच्याकडेच येत. काकूंच्या फोटोत माणूस स्वतःलाच जरा बरा वाटे.

एक नियम मात्र त्या कधी बोलून दाखवत नसत. तो त्यांना वडिलांकडून धंद्याबरोबरच मिळाला होता. घरात नवं आलेलं माणूस, किंवा ज्याचं पुढे काही खरं दिसत नाही असं माणूस, कडेला उभं करायचं. उद्या बिनसलं तर कडेचं माणूस कापून टाकता येतं. मधलं काढायला गेलं की अख्खा फोटो हातचा जातो. कित्येक होणारे जावई त्या कडेवरून परस्पर नाहीसे झाले होते.

आजचं गिऱ्हाईकही जुनंच: नवरा, त्याची आई आणि मुलगी; बायको तेवढी नवी. मागच्या खेपेला याच खुणेवर मुलीची सख्खी आई उभी होती. नवराबायको एकमेकांकडे न बघता आत आले, तेव्हाच काकू काय ते समजल्या आणि त्यांनी तिला कडेला घातलं. पुढे त्यांचं फाटलंच. ती दुसऱ्या गावी निघून गेली आणि नवरा एक दिवस फ्रेम काखोटीला मारून हजर झाला. “काकू, फोटो छान आहे हो. फक्त एवढं एक माणूस कमी करता येईल का?”

काकूंनी त्याच्यासमोर बसून ते करून दिलं. आईचा एक हात मुलीच्या खांद्यावर राहून गेला होता. तोही त्यांनी इतका बेमालूम पुसला की नवरासुद्धा बघत राहिला. लहानगी मुलगी तेव्हा मागच्या बाकावर कॅमेऱ्याच्या झाकणाशी खेळत बसली होती.

आता ती चांगली उंच झाली होती. आज आल्यापासून कपाळावरची आठी मोडली नव्हती.

दिवे लावताना तिच्या बाबांनी काकूंना बाजूला घेतलं होतं. “हा फोटो नीट येऊ दे, काकू. इतके महिने दोघी एका घरात आहेत, पण पोरगी हिला साधी हाक मारत नाही. ही तरी किती दिवस कळ काढणार? काल म्हणाली, माझ्यामुळे पोरीचं हसू जाणार असेल तर मी आपली माझ्या घरी जाते.” काकूंना वाईट वाटलं, पण खूण त्यांनी कडेचीच दिली. सवय ती सवय.

आजी खुर्चीत, तिच्यामागे बाबा, शेजारी मुलगी आणि कडेला नवी बायको, असे सगळे उभे राहिले. तिने काकूंच्या सांगण्यावरून साधा निळा ड्रेस घातला होता. मुलीच्या अंगाला अंग लागू नये म्हणून ती जपून, आकसून उभी होती.

“आटप गं बाई,” आजी म्हणाली. “माझे डोळे मिटलेले आले तरी चालतील. तेवढाच सराव.”

कोणी हसलं नाही.

“हं, इकडे बघा सगळे. ताई, तिच्या खांद्यावर हात ठेवा जरा.”

नव्या बायकोने बिचकत हात उचलला. मुलीने झटकन खांदा काढून घेतला. “हात नको. आणि त्यांना तिथे उभं करू नका.”

बाबांचा चेहरा पडला. नव्या बायकोने हात मागे घेतला आणि कसंबसं हसून म्हणाली, “राहू दे. तिचं बरोबर आहे. तुम्ही तिघांचा काढा, मी बाहेर थांबते.”

ती दाराकडे वळली. काकूंनी कॅमेऱ्यामागून एक सुस्कारा सोडला. वडिलांचा नियम पुन्हा एकदा खरा ठरला होता.

तेवढ्यात मुलगी आपली जागा सोडून तिच्यामागे धावली. तिने तिचं मनगट धरलं, तिला ओढत परत आणलं आणि मधल्या, स्वतःच्या खुणेवर, बाबांना चिकटून उभं केलं. मग स्वतः जाऊन कडेच्या खुणेवर उभी राहिली.

“अगं, तू तिथे कुठे?” काकू म्हणाल्या. “तू घरातली. कडेला नको उभी राहूस.”

“कडेचं माणूस कापता येतं, मला माहितीये,” मुलगी म्हणाली. “तुम्ही कापत होतात तेव्हा मी मागे बाकावर बसले होते.”

तिने नव्या बायकोचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला, वरून आपला हात घट्ट दाबला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

“आता हिला कमी करायचं झालं, तर आधी मला कापावं लागेल.”